शून्याच्या अलीकडे

रोपवेची केबिन स्टेशनात शिरायला लागली की तिला कुणीतरी सांगावं लागतं, आता हळू, आणखी हळू, बस, थांब. पूर्वी हे काम लिव्हरवर हात ठेवून बसलेला माणूस करायचा. आता ते नखाएवढ्या चिपमधला प्रोग्रॅम करतो. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पोप्राद गावातल्या ज्या छोट्या कंपनीत दरीना नोकरीला होती, तिथे हेच प्रोग्रॅम लिहिले जायचे.

दरीना चाळिशीला टेकलेली, अंगाने बारीक, आणि शब्दांच्या बाबतीत भयंकर चिकित्सक बाई. दुकानात कुणी 'थोडंसं चीज द्या' म्हटलं की तिला राहवायचं नाही. थोडंसं म्हणजे किती, असं ती मनातल्या मनात विचारायची. तिच्या बहिणीला हा स्वभाव छळवाद वाटे. कंपनीचा मालक रास्तो मात्र म्हणायचा, "मला अशीच माणसं पाहिजेत. वर केबिनमध्ये लोक बसलेले असतात."

त्या शरद ऋतूत एक किरकोळ घोटाळा झाला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा कोर्नेल, हुशार पण घाईचा, त्याने मिलिमीटर लिहायचे तिथे ठोके लिहिले. ठोके म्हणजे मोठ्या चाकावरच्या दात्यांची मोजणी. चाक किती फिरलं ते चिपला त्यावरून कळतं. मिलिमीटर काय, ठोके काय, कोडमध्ये दोन्ही नुसतेच आकडे. सुदैवाने हे चाचणीच्या टेबलावर झालं. तिथे मोटरला एक सायकलचं चाक जोडलेलं होतं. ते थांबायचं तिथे थांबलं नाही, फिरतच राहिलं, आणि कोर्नेल हात वर करून म्हणाला, "सगळे प्रवासी सरहद्द ओलांडून पोलंडला पोचले!"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याने प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांना क्रेमेश आणले, ते मलईचे थरथरणारे चौकोनी केक. रास्तोने आपला केक संपवला, बोटं पुसली आणि दरीनाला बाजूला घेतलं.

"हे परत होता कामा नये."

"कोर्नेलला सांग ना, नीट लिहीत जा म्हणावं."

"नीट लिहिण्यावर मी भरवसा ठेवत नाही. तूही ठेवत नाहीस. चूक करायला गेलं तरी करता येऊ नये, असं काहीतरी कर. आपल्या त्या मॅक्रोंपासून सुरुवात कर."

मॅक्रो म्हणजे लांब मजकुराला दिलेलं छोटं नाव. ते नाव कोडमध्ये लिहिलं की त्या जागी सगळा मजकूर आपोआप चिकटतो. मग कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तो मजकूर वाचतो. कंपनीतले सगळे मॅक्रो इम्रिख शोल्तेस यांनी लिहिलेले होते. दरीना नोकरीला लागली त्याआधीच ते निवृत्त झाले होते. तिने त्यांना पाहिलंही नव्हतं, पण त्यांचं लिखाण रोज तिच्या डोळ्यांसमोर असे. तोकडं लिखाण, एक शब्द जास्तीचा नाही, स्पष्टीकरणाची ओळ तर शपथेलाही नाही. आणि ते मॅक्रो आंधळे होते. त्यांना मिलिमीटर आणि ठोके द्या, नाहीतर बटाटे आणि कांदे द्या, ते निमूटपणे लहानमोठं ठरवून मोकळे व्हायचे.

"पण एक अट आहे," रास्तो म्हणाला. "स्त्रिएबर्ने खिंडीच्या रोपवेची तपासणी नुकतीच झाली आहे. वाळूची पोती भरून केबिनी वरखाली केल्या, निरीक्षक पाय आपटत थंडीत उभा होता, सगळं झालं. आता चिपमध्ये जाणाऱ्या फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला, तरी ते सगळं पहिल्यापासून. आणि महिन्याभरात बर्फावर स्की करायला लोक येणार."

"म्हणजे मी सगळं बदलायचं आणि काहीच बदलायचं नाही?"

"बरोब्बर," रास्तो म्हणाला, आणि हे अगदी साधं असल्यासारखा निघून गेला.

दरीनाला आधी राग आला. मग ती विचार करत बसली, आणि हळूहळू त्या अटीचीच तिला गोडी लागली.

तिने आकड्यांना जाती दिल्या: मिलिमीटरची एक, ठोक्यांची दुसरी, वेगाची तिसरी. मग प्रत्येक मॅक्रोच्या पोटात कंपायलरसाठी एक प्रश्न लपवला: या दोन वस्तू एकाच जातीच्या आहेत ना? प्रश्न असा मांडला होता, की जाती वेगळ्या असतील तर कंपायलर तिथेच अडून बसेल आणि ओळ दाखवून कुरकुर करेल. जाती एकच असतील तर तो पुढे जाईल. आणि पुढे जाताना त्याच्या लक्षात येईल, की या प्रश्नाच्या उत्तराचा पुढे कुणी उपयोगच करत नाही. मग तो उत्तरही टाकून देईल आणि प्रश्नही. चिपमध्ये त्यातलं काही म्हणजे काही उतरणार नाही.

निदान कागदावर तरी असं होतं. पहिली फाइल तिने नव्या मॅक्रोंनी बांधली, जुनीशी ताडून पाहायला लावली आणि श्वास रोखून बसली. फरक: काही नाही.

ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन कोफोला नावाचं कोलासारखं पेय ग्लासभर प्यायली आणि परत येऊन पुन्हा ताडून पाहिलं. काही नाही. प्रत्येक ओळीच्या दाराशी तिने एक राखणदार उभा केला होता. त्याने प्रत्येकाला थांबवून, नाव-गाव विचारून आत सोडलं होतं, आणि काम संपल्यावर तो हवेत विरून गेला होता. उंबऱ्यावर त्याच्या बुटाचा ठसासुद्धा नव्हता. दरीना इतकी वर्षं हे काम करत होती. पण त्या दिवशी ती त्या रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिली, एखाद्या मोठ्या चर्चमध्ये पहिल्यांदा मान वर करून पाहावं तशी.

"मग तू केलंस काय?" कोर्नेलने खुर्ची वळवून विचारलं. "एवढं खपून जे होतं तेच?"

"जे होतं तेच. आता तू चूक करून दाखव."

"हे बघ, चुका करण्यात मला कुणी हरवलेलं नाही."

त्याने मिलिमीटर हवे तिथे ठोके लिहिले. कंपायलर अडला. त्याने वेगाशी अंतर ताडलं. कंपायलर अडला. त्याने आकड्याला दुसऱ्या आकड्यात गुंडाळून, मागच्या दाराने आत सरकवायला पाहिलं. कंपायलरने ओळ दाखवली आणि तिच्याखाली लाल रेघ ओढली.

"माझी आईसुद्धा मला इतकं ओळखत नाही," कोर्नेल म्हणाला, आणि बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिला.

अशा एकेक करत सगळ्या फाइली झाल्या. कंपायलर कुरकुर करी, दरीना त्या जागी जाऊन वस्तूला तिची खरी जात देई, फाइल पुन्हा बांधी, आणि फरक शून्य येई. शेवटी एकच फाइल उरली. केबिन स्टेशनच्या अगदी जवळ आल्यावर तिला किती हळू चालू द्यायचं, ते ठरवणारी.

तिथे शंभर घरांचा एक तक्ता होता. थांबण्याची खूण किती लांब आहे ते बघायचं, तक्त्यातल्या त्या घरात जायचं, तिथे लिहिलेला वेग घ्यायचा. तक्त्यात शिरण्याआधी शोल्तेसनी एकच तपासणी लिहिली होती: अंतर तक्त्याच्या लांबीपेक्षा लहान आहे ना? असेल तर तक्त्यात जा, नसेल तर ब्रेक. कंपायलरची कुरकुर याच ओळीवर होती. अंतर हा आकडा शून्याच्या खाली जाऊ शकणारा होता, आणि तक्त्याची लांबी शून्याच्या खाली कधीच न जाणारी. दोन जाती वेगळ्या.

दरीनाने लांबीलाही खाली जाऊ शकणाऱ्या जातीत घातलं. आता दोघे एकाच जातीचे. कंपायलर गप्प झाला. तिने फाइल ताडून पाहिली.

फरक होता.

तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं. एका बाइटचा फरक. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिचे कान तापले. दोन वेगळ्या जातींचे आकडे समोरासमोर आले, की ही भाषा खाली जाणाऱ्या आकड्याला जबरदस्तीने दुसऱ्या जातीत ओढते. अशा वेळी उणे एकचं काय होतं? जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा शून्यावरून मागे फिरवला की तो एकदम नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव दाखवतो, तसं. उणे एक हा जगातला सगळ्यात मोठा आकडा होऊन बसतो.

"चूक!" ती जवळजवळ ओरडलीच. "शोल्तेसची चूक सापडली! उणे एक शंभरापेक्षा मोठा आहे, असं म्हणतंय हे. इतकी वर्षं!"

कोर्नेल धावत आला. रास्तोही आला. त्याने ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उतरला, कारण आता पोती, केबिनी आणि निरीक्षक पुन्हा.

"तुझी ओळ बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"गणिताच्या पुस्तकाइतकी बरोबर."

"मग टेबलावर चालवून दाखव. निरीक्षकाला काय सांगायचं ते मला कळलं पाहिजे."

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन सायकलच्या चाकावर पडलं होतं. दरीनाने आपली सुधारलेली फाइल चिपमध्ये भरली. केबिन खुणेकडे येत आहे असं खोटंच भासवलं. चाक हळू झालं, आणखी हळू झालं, अगदी शहाण्यासारखं. मग कोर्नेल म्हणाला, "उणे करून बघ ना. तेच तर वेगळं आहे." म्हणून तिने केबिनला खुणेच्या वीतभर पुढे ढकललं, शून्याच्या अलीकडे, उणे आकड्यात.

चाक थबकलं. मग एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला आणि ते भन्नाट फिरायला लागलं. आरे दिसेनासे झाले. टेबल थरथरलं, कोर्नेलचा चहाचा पेला सरकत जाऊन खाली फुटला. रास्तोने हात मारून बटण दाबलं तेव्हा कुठे ते थांबलं.

उणे एक हा तक्त्याच्या लांबीपेक्षा लहान होता, अगदी गणिताच्या पुस्तकाप्रमाणे. म्हणून तपासणीने त्याला आत सोडलं होतं, आणि चिप तक्त्याच्या पहिल्या घराच्याही मागे जाऊन, तिथे जे काही पडलेलं होतं ते वेग म्हणून उचलून आली होती. तिथे पडलेला होता मधल्या मार्गावरचा पूर्ण वेग. खऱ्या केबिनच्या पुढे त्या जागी भिंत असते.

दरीनाने जुनी फाइल भरली. पुन्हा वीतभर पुढे. चाक जागच्या जागी गच्चकन थांबलं. उणे एक जगातला सगळ्यात मोठा आकडा झाला होता, तक्त्यात मावला नव्हता, आणि ब्रेक लागला होता.

"तुझी बरोबर ओळ माणसं मारते," रास्तो शांतपणे म्हणाला, "आणि त्यांची चुकीची वाचवते."

त्यात टोमणा नव्हता. तोही चाकाकडेच बघत होता.

शनिवारी दरीना गाडीने जवळच्या स्वित गावाला गेली. शोल्तेस तिथे काँक्रीटच्या तयार पॅनेलांनी बांधलेल्या एका इमारतीत राहत होते. दार त्यांच्या बायकोने, झेल्मीराने उघडलं. आत स्वयंपाकघरात एक धिप्पाड म्हातारा टेबलाच्या कडेला खसखशीची चक्की अडकवून ती फिरवत होता.

"ही पोप्रादची. तुझ्या कंपनीतली," झेल्मीरा म्हणाली. "हात थांबवू नकोस इम्रो, शेवया गार होतायत."

"बस पोरी," ते म्हणाले. "काय मोडलं?"

"काही मोडलं नाही, काका. एक ओळ विचारायची होती." तिने छापून आणलेला कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

दरीनाने झेल्मीराकडे पाहिलं. झेल्मीरा हसू दाबत परातीकडे वळली.

"तुम्ही, काका."

"मी? छट्! दोन वेगळ्या जाती समोरासमोर? आणि खाली एक शब्द नाही, की बाबा, हे असं का! मी असतो तर हात तोडला असता लिहिणाऱ्याचा."

"आम्ही ते नीट केलं," दरीना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "आणि चाक सुसाट सुटलं."

चक्की थांबली. इम्रिखकाकांनी कागद खिडकीजवळ नेला आणि उभ्याने वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अरे देवा. बर्फाचा दिवस."

"कसला दिवस?"

"पहिल्या चाचण्या चालल्या होत्या. दोरावर बर्फाची काच बसली होती. मी वरच्या फलाटावर उभा. केबिन आली, हळू झाली, आणि खुणेवर थांबायच्या ऐवजी घसरली. किती? एवढीच," त्यांनी खसखस लागलेली बोटं फाकवून वीत दाखवली. "आणि खुणेच्या अलीकडे, माझ्या बाजूला, आल्याबरोबर मोटरने जोर धरला. माणूस नव्हता आत, पोती होती. भिंतीला थडकली. मी तिथून इतक्या अंतरावर होतो, पोरी, की काचेचा चुरा माझ्या टोपीवर पडला."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," झेल्मीरा म्हणाली. तिचा हात परातीत तसाच राहिला.

"सांगितलं असतं तर तू मला पुन्हा वर जाऊ दिलं असतंस?"

ते पुन्हा दरीनाकडे वळले. "मग तपासणी घालायची ठरली. खरं तर दोन हव्या होत्या. शून्याच्या खाली आहे का, एक. तक्त्याच्या बाहेर आहे का, दोन. पण त्या वेळची चिप! तुझ्या हातातल्या घड्याळात तिच्या हजारपट जागा असेल. सगळं कोंबून कोंबून भरलेलं, दुसऱ्या तपासणीला जागाच उरली नव्हती. मी तीन दिवस डोकं आपटत होतो. आणि मग न्हाव्याकडे बसलो असताना सुचलं. उणे आकड्याला मोठा होऊ दिला, की एकच तपासणी दोन्ही दारं राखते." ते थांबले. "खाली काहीतरी लिहायला हवं होतं. लिहीन म्हटलं असेल, आणि राहिलं. तुला माहीत आहे, मी काय केलं? तुम्हा सगळ्यांच्या पायाखाली खड्डा खणून वर गवत पसरून ठेवलं."

"तुम्ही लोकांना वाचवलंत, काका. इतकी वर्षं."

"आणि तू त्या गवतावर पाय ठेवलास. यात तुझी चूक काय?" ते कागदावर बोट आपटत म्हणाले. "आता तू हे असं लिही, की कुणाही माठाला कळावं. जागेची कंजुषी करू नकोस. लागू देत दोन तपासण्या. माझी हुशारी काढून टाक."

जाताना झेल्मीराने तिला खसखशीच्या शेवयांचा डबा बांधून दिला. गाडीत दरीनाला तो चुरा टोपीवर पडलेला माणूस दिसत राहिला.

सोमवारी सकाळी ती टेबलापाशी बसली. आता काय लिहायचं ते तिला स्वच्छ कळत होतं. तिचे राखणदार जात विचारत होते, पण इथे नुसती जात विचारून भागणार नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे तेच कागदावर यायला हवं होतं. तिने नवा मॅक्रो केला. नाव ठेवलं मेद्झी, म्हणजे 'दरम्यान'. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: खालची हद्द, आकडा, वरची हद्द. खालची हद्द दिली नाही तर कंपायलर अडेल. तिघांच्या जाती जुळल्या नाहीत तर अडेल. आणि आत उघडउघड दोन तपासण्या होत्या: आकडा खालच्या हद्दीच्या खाली नाही ना, आणि वरच्या हद्दीच्या आत आहे ना. शाळेतल्या मुलालाही वाचता येईल असं. खाली तिने ती केबिन, तो बर्फ आणि ती वीत, सगळं चार ओळींत लिहिलं.

"दोन तपासण्या म्हणजे दुप्पट कोड," रास्तो म्हणाला. "फाइल बदलणार. मी निरीक्षकाला फोन लावतो. तो काय ओरडेल ते आधीच ऐकू येतंय."

"थांब जरा. आधी बांधून तर बघू."

तिने फाइल बांधली. ताडून पाहायला लावली.

फरक: काही नाही.

दरीनाला वाटलं, आपण चुकून जुनीच फाइल बांधली. तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बांधलं. काही नाही. मग तिने चिपच्या भाषेतला तो तुकडाच पडद्यावर उघडला. तिने लिहिलेल्या दोन तपासण्या कुठेच नव्हत्या. तिथे एकच होती. उणे आकडा मोठा होऊ देणारी, दोन्ही दारं एकट्याने राखणारी. न्हाव्याच्या खुर्चीत सुचलेली.

कंपायलरने तिच्या दोन सरळ वाक्यांचा अर्थ घेतला होता, आणि तीच युक्ती स्वतःहून शोधून काढली होती. बाइटला बाइट तीच.

तिने पडद्याकडे नुसतं बोट दाखवलं. रास्तो वाकून पाहत राहिला. कोर्नेलने, ज्याला कुठल्याही प्रसंगी काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नसे, हळूच टोपी काढली. तो ऑफिसातही टोपी घालूनच बसायचा.

तिने इम्रिखकाकांना फोन केला. सांगितलं.

"मी येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छोट्या विजेच्या आगगाडीने पोप्रादला आले. इस्त्रीचा कोट घातला होता, केस ओले करून विंचरले होते. कोर्नेलने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. दरीनाने पडद्याच्या एका बाजूला त्यांची जुनी ओळ उघडली, दुसऱ्या बाजूला आपली, आणि दोन्हींच्या खाली चिपच्या भाषेतला तुकडा. ते एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे. बोटाने एकेक आकडा ताडत होते. कंपायलरवर त्यांचा विश्वास नव्हता.

"परत बांध."

तिने परत बांधली. तेच.

"पूर्वीचा कंपायलर मूर्ख होता," ते म्हणाले. "त्याला जे सांगाल तेच उतरवायचा. मीच त्याला हाताला धरून न्यायचो." त्यांनी चष्मा काढून पुसला, पण तो पुन्हा लावला नाही. "मला तीन दिवस लागले होते. याला?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत, काका."

त्यांना दुखलं असेल का, असं तिला वाटून गेलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग त्यांनी विचारलं, "पोरी, याला हे शिकवलं कुणी?"

"कुणी एकाने नाही. कंपायलर म्हणजे जगभरच्या शेकडो माणसांचं काम. प्रत्येकजण थोडी भर घालतो. यातली ही भर कुणाची, ते मला माहीत नाही."

"पण कुणीतरी माणसानेच घातली?"

"माणसानेच."

"म्हणजे त्यालाही हे कधीतरी सुचलं होतं." ते थांबत थांबत बोलत होते. "कुठल्यातरी दुसऱ्या देशात. त्याच्याही चिपमध्ये जागा उरली नसेल. त्याच्याही पुढे भिंत असेल, कुठलीतरी. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या हिवाळ्यात त्या गोष्टीपाशी मी एकटाच उभा होतो." त्यांनी दोन्ही हात पडद्यासमोर धरले, शेकोटीसमोर धरावेत तसे, आणि तसेच ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

दरीना त्यांच्या शेजारी उभी होती. तिला ती अनोळखी माणसं जाणवत होती. एकमेकांना कधीही न भेटलेली, एकमेकांची भाषा न जाणणारी. त्यांनी आपापलं शहाणपण त्या एका प्रोग्रॅममध्ये ठेवून दिलं होतं, नाव न घालता. आता पोप्रादची एक बाई नुसतं खरं काय ते सरळ लिहिते, आणि त्या सगळ्यांचे हात एकदम पुढे येतात.

रास्तोने निरीक्षकाला फोन केला, पण फक्त हे सांगायला, की काहीही बदललेलं नाही. रोपवे ठरलेल्या दिवशी सुरू झाला. स्कीवाले लोक आले, खिडक्यांना नाकं लावून वर गेले, बुटांचा बर्फ केबिनमध्ये झटकून उतरले. पुढच्या वर्षभरात कंपनीतल्या सगळ्या जुन्या रोपवेंच्या कोडमध्ये मेद्झी गेला, आणि खालची हद्द लिहायला विसरलेल्या आणखी दोन जागा त्याने पकडून दिल्या. त्या दोन्ही कोर्नेलच्या होत्या. कोर्नेलने दोन्ही वेळा क्रेमेश आणले.

इम्रिखकाका पोप्रादला आले त्या सकाळी मात्र ते लगेच गेले नाहीत. त्यांनी कॉफी मागितली, साखर दोन चमचे, आणि झेल्मीराला फोन करून सांगितलं, की जेवायला वाट बघू नकोस. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, चष्मा लावला आणि दरीनाला म्हणाले, "आता माझ्या बाकीच्या फाइली उघड. आणखी कुठे कुठे काय लिहायचं राहिलंय, ते आठवेल तेवढं सांगतो. तू लिहून घे."

दरीनाने पहिली फाइल उघडली.